कॉफी, कपाशी आणि थांबण्याची ताकद

मंडळी, या विकांताचा विषय कॉफी. म्हणजे सुरुवात कॉफीने, शेवट मात्र कापसाच्या गाठीवर होणार आहे, कारण मी छत्रपती संभाजीनगरात राहतो, चिकमगळुरात नाही. आपल्या महाराष्ट्रात कॉफी होते ती चिखलदऱ्याला, आणि तीही चवीपुरतीच. पण ज्या गणितात कॉफी पिकवणारा अडकतो, त्याच गणितात सिल्लोड-कन्नडचा कपाशीवाला अडकलाय. फरक इतकाच की कॉफीच्या बाबतीत जगाने हे गणित जास्त उघड करून ठेवलंय. म्हणून आधी कॉफी.

आमच्या धंद्यातल्या माणसांना आकडेमोडीची खाज असतेच. तर एक ढोबळ हिशोब करू. कॅनॉटमधल्या एखाद्या बऱ्या कॅफेत कॅपुचिनोला २२० रुपये पडतात असं धरा. त्यात भाजलेली पूड साधारण १८ ग्रॅम. भाजताना वजन घटतं, म्हणजे कच्ची कॉफी झाली २२ ग्रॅम. कच्च्या कॉफीचा भाव किलोला ४०० रुपये धरला तर कपातली कॉफी झाली ८ रुपये ८० पैशांची. म्हणजे ४ टक्के.

आता हाच हिशोब कपाशीचा. एक क्विंटल कपाशी ७,५०० रुपयांना गेली असं समजा. तिच्यातून रुई निघते ३४ किलोच्या आसपास, बाकी बहुतेक सरकी. सरकीचे ३५ रुपये किलोने सव्वादोन हजार वजा करा. जिनिंगचा खर्च तूर्त सोडून देऊ. रुई पडली १५५ रुपये किलो. एका टी-शर्टला, वाया जाणारी धरून, पाव किलो रुई लागते. म्हणजे ३९ रुपये. तोच टी-शर्ट मॉलमध्ये ९९९ ला. टक्केवारी काढा... पुन्हा ४!

आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे धरा. उत्तर दोन-तीन टक्के इकडेतिकडे होईल, चित्र बदलणार नाही. आणि उरलेले ९६ टक्के म्हणजे सगळी लूट, असं मी अजिबात म्हणत नाही. त्यात दुकानाचं भाडं आहे, दूध आहे, वीज आहे, शिलाई आहे, पोरांचे पगार आहेत, कर आहेत. हे सगळं खरं काम आहे आणि त्याचे पैसे पडणारच.

मला खटकतं ते वेगळंच. कच्च्या कॉफीचा भाव उद्या दुप्पट झाला तर कप ९ रुपयांनी महागेल. पिणाऱ्याला कळणारही नाही. पिकवणाऱ्याचं मात्र आयुष्य बदलेल. मग तो भाव तसा का होत नाही? पिणारा नऊ रुपये द्यायला नाही म्हणाला म्हणून? त्याला कोणी विचारलेलंच नाही! भाव त्याच्या आणि शेतकऱ्याच्या मध्येच कुठेतरी ठरतो.

कुठे? तर न्यूयॉर्कला. तिथे कापसाचा एक्स्चेंज १८७० साली सुरू झाला आणि कॉफीचा १८८२ साली. पुढे १९९८ मध्ये कापसाचा एक्स्चेंज आणि कॉफी-साखर-कोकोचा एक्स्चेंज एका छत्राखाली आले. ते छत्र २००७ मध्ये आयसीई नावाच्या कंपनीने विकत घेतलं. म्हणजे कुर्गची कॉफी आणि सिल्लोडची कपाशी यांचा जागतिक भाव आज एकाच कंपनीच्या सर्व्हरवर हलतो. कॉफीचा एक करार ३७,५०० पौंडांचा, कापसाचा ५०,००० पौंडांचा. अर्थात तिथला भाव सरळ रेघेत आपल्या काट्यावर येत नाही. मध्ये रुपया-डॉलरचा दर येतो, आयात शुल्क येतं, सरकीचा भाव येतो. पण वारा तिकडून सुटतो, हे जिनिंगवाल्याला पक्कं माहीत असतं.

अशा बाजाराला शिव्या घालणं सोपं आहे. पण वायदेबाजार वाईटच असतो असं नाही. ज्याला आपला माल पुढच्या मार्चचा भाव बघून आज बांधून ठेवता येतो, त्याला तो विम्यासारखा वापरता येतो. प्रश्न असा की हे कोणाला जमतं? त्यासाठी माल हातात ठेवण्याची ऐपत लागते. इथे मला कॉलेजातला एक प्रश्न आठवतो. संगणक शिकलेल्या प्रत्येकाने तो सोडवलेला असतो: एक जण माल तयार करतो, दुसरा वापरतो, दोघांचा वेग वेगळा, म्हणून मध्ये एक बफर ठेवायचा. परीक्षेत तो बफर कोणाच्याच मालकीचा नसतो. बाजारात असतो. आणि माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे, की ज्याचा बफर त्याचा भाव. ज्याला थांबता येतं तो भाव सांगतो, ज्याला थांबता येत नाही तो भाव ऐकतो.

हे शहाणपण ब्राझीलला शंभरेक वर्षांपूर्वीच आलं होतं. १९०६ साली तिथल्या कॉफी पिकवणाऱ्या राज्यांनी ठरवलं, की पीक जास्त आलं तर सरकार कर्ज काढून कॉफी विकत घेईल आणि भाव येईपर्यंत दाबून ठेवेल. काही वर्षं ते चाललं. पण भाव चढा राहतोय म्हटल्यावर सगळ्यांनी आणखी झाडं लावली. पुढे जागतिक मंदी आली आणि १९३१ ते १९४४ या काळात ब्राझीलने सुमारे ७ कोटी ८० लाख पोती कॉफी नष्ट केली, बरीचशी चक्क जाळून. म्हणजे बफर हवा हे खरं, पण अमर्याद भरत जाणारा बफर शेवटी फुटतो.

दुसरा प्रयोग जगाने मिळून केला. १९६२ चा आंतरराष्ट्रीय कॉफी करार. कोणत्या देशाने किती निर्यात करायची याचे कोटे ठरले. यात अमेरिकेसारखा पिणारा देश सामील झाला, ही गंमतच. स्वतःची कॉफी महाग करून घ्यायला कोण तयार होतं? पण क्यूबात नुकतीच क्रांती झालेली होती. कॉफीचा भाव पडला तर लॅटिन अमेरिकेतला शेतकरी लाल झेंड्याखाली जाईल, ही वॉशिंग्टनची भीती होती. थोडक्यात, शेतकऱ्याला भाव मिळाला तो त्याच्या घामामुळे नाही, रशियाच्या धाकामुळे. कोट्यांची ही व्यवस्था अधूनमधून बंद-चालू होत १९८९ पर्यंत टिकली. शीतयुद्ध ओसरलं, अमेरिकेचा रस संपला, कोटे मोडले आणि काही महिन्यांत भाव जवळपास निम्म्यावर आला. पुढे व्हिएतनामची कॉफी बाजारात उतरली. २००१ साली न्यूयॉर्कचा भाव पौंडाला ५० सेंटांच्याही खाली गेला. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तोच भाव ४ डॉलरच्या पुढे! एवढ्या झोक्यात कोण टिकतो? ज्याच्याकडे गोदाम आहे तो.

आपल्या देशातही कॉफीचा असाच बंदोबस्त होता. १९४२ च्या कायद्याने कॉफी बोर्ड आलं आणि मळेवाल्याने सगळी कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात घालायची, असा नियम झाला. पैसे हप्त्याहप्त्याने, बोर्डाच्या सवडीने. १९९२ पासून हे टप्प्याटप्प्याने सैल झालं आणि १९९६ ला मळेवाला पूर्ण मोकळा झाला.

आता कपाशीकडे या. ही गोष्ट तुम्हाला ओळखीची वाटली असेल तर तुमच्या घरी कोणीतरी कापूस विकलेला आहे. एकाधिकार कापूस खरेदी योजना! कायदा १९७१ चा, योजना १९७२ पासून. राज्यात शेतकऱ्याचा कापूस फक्त सरकारी यंत्रणा घेणार, व्यापाऱ्याला बंदी. हेतू चांगलाच होता. व्यापारी शेतकऱ्याला नाडतो, तर व्यापारीच काढून टाकू. हमीभाव द्यायचा, आणि पुढे सरकारला जास्त भाव मिळाला तर शेतकऱ्याला वरून बोनस.

मग काय झालं? जे कॉफी करारात झालं तेच. कराराबाहेरच्या देशांना कॉफी स्वस्तात जायची आणि तिथून वळून चोरवाटेने परत यायची. इथे राज्याच्या हद्दीबाहेर भाव जास्त असला की आपला कापूस रात्री गुजरात-मध्य प्रदेशात जायचा. आपल्याकडे भाव जास्त असला की तिकडचा कापूस आपल्या केंद्रावर यायचा. एका राज्यापुरती भिंत बांधून भाव अडवता येत नाही, भोकं पडतातच. त्यात केंद्रावर दिवसदिवस बैलगाड्यांच्या रांगा, प्रत ठरवताना ग्रेडरची मर्जी, चुकारे उशिरा, आणि निवडणूक आली की भाव राजकीय. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने या योजनेवर सतत कोरडे ओढले, ते उगीच नाही. तोटा वाढत गेला आणि २००२ च्या सुमारास व्यापाऱ्यांना पुन्हा दार उघडावं लागलं.

तर बंदिस्त बाजार फसला. मग मोकळ्या बाजाराने सुटका केली का? आपला बाजार खरंच मोकळा असता तर कदाचित थोडीफार केलीही असती. पण तो एकाच बाजूने मोकळा आहे. २०११ च्या मार्चमध्ये कापूस न्यूयॉर्कला पौंडाला २ डॉलरच्या वर गेला होता. त्याआधी एप्रिल २०१० मध्ये आपल्या सरकारने कापूस निर्यात थांबवली होती. ५ मार्च २०१२ ला पुन्हा निर्यातबंदी आली, खुद्द कृषिमंत्री शरद पवार नाराज झाले आणि आठवडाभरात ती मागे घ्यावी लागली. म्हणजे भाव वर गेला की बाहेरचं दार बंद.

आणि भाव खाली असला की? फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात कापसावर आयात शुल्क लागलं, सगळं मिळून ११ टक्के. १९ ऑगस्ट २०२५ ला ते माफ झालं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवून. ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे आपली वेचणी! शेतातून कापूस घरात येतोय आणि त्याच वेळी बंदरात बिनशुल्क कापूस उतरतोय. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० होता आणि खुल्या बाजारात भाव त्याच्या खाली. वरून सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यात उभं पीक भिजलेलं.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर ते अप्रामाणिक होईल. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं होतं. तिरुपूरच्या कारखान्यांवर संकट होतं, आणि तिथे मशीनवर बसणारी मुलगीही आपलीच. सूतगिरणीला स्वस्त रुई हवी ही मागणी गैर नाही. पण त्या संकटाची किंमत कोणी मोजायची? सरकारच्या तिजोरीने मोजता आली असती, व्याजसवलत देता आली असती. मोजली ती बऱ्याच अंशी त्याने, ज्याला थांबता येत नव्हतं.

याच्याशी कॉफीची तुलना करून बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने ब्राझीलच्या मालावर, कॉफीसकट, ५० टक्के शुल्क लावलं. तिथे सकाळची कॉफी महागली आणि मतदार कुरकुरला. नोव्हेंबरात कॉफीवरचं शुल्क मागे! अमेरिकेत कॉफी फारशी पिकत नाही, पितात मात्र सगळे. कापूस मात्र अमेरिकेत पिकतो, आणि तिथला कापूसवाला संख्येने थोडा असला तरी संसदेत वजनदार आहे. त्याला मिळणाऱ्या अनुदानामुळे जगाचा भाव पडतो, अशी तक्रार ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत केली आणि २००५ मध्ये ती जिंकली. शेवट झाला २०१४ मध्ये: अमेरिकेने ब्राझीलला ३० कोटी डॉलर दिले आणि प्रकरण मिटलं. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे गरीब देश २००३ पासून हेच रडगाणं गात होते. त्यांच्या हाती काय आलं? आश्वासनं. भांडायलाही थांबण्याची ताकद लागते हो! बारा वर्षं वकिलांना पोसायची ऐपत ब्राझीलकडे होती, मालीकडे नव्हती.

आता आपल्या गावात थांबण्याची ताकद किती, ते बघू. माझा मामेभाऊ सिल्लोड तालुक्यात कपाशी लावतो. २०२१-२२ च्या हंगामात भाव १० हजारांच्या वर गेला, काही ठिकाणी १२ हजारांच्याही पुढे. ज्यांनी दिवाळीआधी विकला ते हळहळले. म्हणून पुढच्या वर्षी गावाने ठरवलं की थांबायचं. मामेभावाच्या घरात पुढची खोली छतापर्यंत कापसाने भरली. माणसं ओट्यावर झोपायची. कापसातल्या किड्यांनी पोरांच्या अंगाला खाज सुटली, शेजारी चूल पेटवायची भीती, वाळून वजन घटलं, रंग पिवळसर पडला. आणि उन्हाळ्यात भाव किती? ७ हजारांच्या आसपास. शेवटी खेडा खरेदीवाल्याला दिला, तोही कटती कापून.

यावरून लोक म्हणतात, बघा, थांबून काय मिळालं? मी उलटं म्हणतो. ते थांबणं नव्हतंच, तो जुगार होता. घरातल्या खोलीत, कर्जाचं व्याज चढत असताना, भावाची खबर व्हॉट्सॲपवरून घेत माल ठेवणं म्हणजे बफर नव्हे. न विणलेला, सरकीसकटचा कापूस साठवायला मुळातच वाईट. जागा खातो, पेट घेतो, खराब होतो. चांगली वाळवलेली कॉफी मात्र पोत्यात महिनोन्महिने राहते. म्हणून छोट्या कॉफीवाल्याला २०२४-२५ च्या तेजीत थोडं थोडं करून विकता आलं. कपाशीचं साठवणं खरं सुरू होतं ते जिनिंगनंतर, १७० किलोची गाठ बांधल्यावर. ती गाठ वर्षभर टिकते, तिच्यावर बँक कर्ज देते, तिची प्रत प्रयोगशाळेत मोजता येते. पण तोवर ती शेतकऱ्याची राहिलेलीच नसते!

आपल्या भागाचा इतिहासही हेच सांगतो. शहरात १८८९ मध्ये कापड गिरणी निघाली. १९०० मध्ये निजामाची गोदावरी खोऱ्याची रेल्वे आली आणि मार्गावर जिनिंगचे कारखाने उभे राहिले. रेल्वेने मराठवाडा जगाच्या बाजाराशी जोडला खरा, पण शेतकरी जोडला गेला तो जिनिंगच्या दारापर्यंत. त्या दाराच्या आत तो आजही गेलेला नाही.

म्हणून सॉफ्टवेअरवाला असूनही एक गोष्ट सांगतो. ॲपने हा प्रश्न सुटणार नाही. २०२५ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे सीसीआयने, ‘कपास किसान’ नावाचं ॲप आणलं. नोंदणी करा, वेळ घ्या, केंद्रावर या. चांगलंच आहे, बैलगाडीच्या काळातली रांग कमी होत असेल तर उत्तमच. पण ॲप रांग हलवतं, भाव नाही. केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की पैसे कापतात आणि १२ च्या वर गेला की माल परत. भिजलेल्या हंगामात शेतकऱ्याला ॲपपेक्षा वाळवायला ओटा आणि ओलावा मोजायला स्वतःचं यंत्र जास्त गरजेचं आहे. काट्यावर जाण्याआधी आपला आकडा आपल्याला माहीत असणं, हीसुद्धा एक ताकद आहे.

मग करायचं काय? माझ्या मते तीन गोष्टी. पहिली, शेतकऱ्यांच्या गटाने कपाशी न विकता रुई विकावी. जिनिंगवाल्याला मजुरी देऊन गाठी बांधून घ्यायच्या, सरकी लगेच विकून हातखर्चाला पैसे काढायचे आणि गाठी गोदामात ठेवायच्या. हे स्वप्नरंजन नाही, राज्याच्या स्मार्ट प्रकल्पात काही गटांनी गाठी करून विकल्या आहेत. दुसरी, गोदामाच्या पावतीवर कर्ज. पणन मंडळाची तारण योजना १९९० च्या दशकापासून आहे, सोयाबीन-तुरीवर तिचा उपयोग होतो. तेवढ्याच सहजपणे ते कर्ज गटाच्या गाठीवर, तालुक्याच्या गावी, आठवडाभरात मिळायला हवं. तिसरी गोष्ट सरकारसाठी. आयात-निर्यातीचा जो काही निर्णय असेल तो पेरणीआधी, जूनच्या आत जाहीर करा आणि पुढची वेचणी संपेपर्यंत त्याला हात लावू नका. यात तिजोरीचा एक पैसाही खर्च होत नाही. चालू प्रोग्रॅमचे नियम मध्येच बदलू नयेत, हे आम्ही नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो :-)

यावर एक आक्षेप नक्की येईल. सगळेच थांबले तर ब्राझीलसारखी गोदामं भरून फुटणार नाहीत का? फुटू शकतात. म्हणून मी सरकारने सगळा माल दाबून ठेवावा असं म्हणत नाहीये. तो प्रयोग आपण तीस वर्षं करून पाहिला. जागतिक भाव पडलेलाच असेल तर गाठ ठेवूनही तो वर येणार नाही, आणि कोरडवाहू एकरी उत्पन्न आहे तेवढंच राहिलं तर भाव वाढूनही हाती फार उरणार नाही, हेही मान्य. पण डिसेंबरात वीस माणसांनी एकदम विकायला धावणं आणि त्याच वीस जणांनी डिसेंबर ते मे थोडं थोडं विकणं, यात जो फरक पडतो तो आज गोदामवाल्याच्या खिशात जातो. तो शेतकऱ्याच्या खिशात जावा, एवढीच मागणी आहे. ही क्रांतीबिंती नाही, बफरची मालकी बदलणं आहे.

आपण शहरातली माणसं दोन गोष्टींवर हमखास हळहळतो. कॉफी महाग झाली यावर, आणि शेतकऱ्याला भाव मिळत नाही यावर. पहिल्या हळहळीची दखल वॉशिंग्टनला तीन महिन्यांत घेतली गेली. दुसरीची दखल घ्यायला लावायची तर ‘भाव द्या’ एवढं ओरडणं पुरत नाही. भाव कोणी कोणाला देत नाही. ज्याच्या हातात गाठ आणि खिशात दोन महिन्यांचा खर्च असतो, तो भाव घेतो. पुढच्या वेळी कोणी नेता कापसाचा भाव जाहीर करेल तेव्हा त्याला आकडा विचारू नका. तालुक्यात शेतकऱ्याच्या मालकीच्या किती गाठी ठेवता येतील एवढी जागा आहे, ते विचारा.